सातारा रोडचे इंजिन, कुर्ल्याची गाडी

सांगलीच्या एसटी स्टँडवर आम्ही पोरे एक खेळ खेळत असू. फाटकाकडे पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि आत शिरणारी गाडी टाटाची की लेलँडची, हे केवळ आवाजावरून सांगायचे. चुकेल त्याने शेंगदाण्याची पुडी द्यायची. हा १९७०-७१ चा सुमार. टाटा आणि जर्मन कंपनीचा करार १९६९ मध्ये संपला होता, पण जुन्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांची चांदणी अजून चमकत असे आणि मोठी माणसे त्या गाडीला बेंझच म्हणत. लेलँडचा आवाज खर्जातला, टाटाचा थोडा वरच्या पट्टीतला. पसरणीच्या घाटात लेलँड दमत नाही, असे आमच्यातल्या एका पक्षाचे म्हणणे. कराड ते पेठ नाका या सपाटीला टाटा तिला मागे टाकते, असे दुसऱ्याचे. या वादापायी गणिताच्या वह्यांच्या मागच्या पानांवर आम्ही गाड्यांचे नंबर आणि गुणदोष टिपून ठेवले होते.

आमच्या वाड्यात एक काका राहत. एसटीच्या आगारात ते मेकॅनिक होते, आणि त्याआधी काही वर्षे सातारा रोडच्या कारखान्यात फिटर. आमचा वाद ते गालातल्या गालात हसत ऐकत. एकदा त्यांनी आम्हाला एक गंमत सांगितली. त्यांच्या तरुणपणी ट्रकवाल्यांत असाच वाद फार्गो, डॉज आणि डिसोटो यांच्यावरून चाले. फार्गोवाला डॉजला नावे ठेवी, डॉजवाला डिसोटोला. हाणामारीपर्यंत वेळ येई. प्रत्यक्षात तिन्ही गाड्या एकाच कारखान्यातून निघत. इंजिन एक, सांगाडा एक, फक्त नाकावरची पाटी वेगळी. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने वेगवेगळ्या विक्रेत्यांसाठी ही वेगवेगळी नावे ठेवली होती, आणि तीच नावे मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात आली. तो कारखाना वालचंदशेठचा. आणि सातारा रोडचाही वालचंदशेठचाच, असे काका जाता जाता म्हणाले. वालचंद हे आमच्या लेखी तोवर विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे नाव होते. ते एका माणसाचे नाव आहे हे मला त्या दिवशी कळले.

सोलापूरचा मुलगा

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे गुजरातेतून आलेले, दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत, समाजसुधारणेच्या कामातही ते पुढे असत. सोलापुरातून मॅट्रिक झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, पण पदवी पुरी झाली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करणे त्यांना मानवेना. सावकारीत पैसा पैशाला जन्म देतो, पण वस्तू काही निर्माण होत नाही. या मुलाला काहीतरी उभे राहिलेले डोळ्यांनी पाहायचे होते.

लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरू पाहत होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती, वालचंदांपाशी भांडवल आणि उमेद. दोघांची भागी जमली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या कामाने सुरुवात झाली. खडी, मुरूम, मजूर, मुकादम यांत हा व्यापाऱ्याचा मुलगा रमला. पुढे कामांचा आकार वाढत गेला. बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी नेणारी तानशाची नळवाहिनी, नद्यांवरचे पूल ही कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. आज भोर घाटातून रेल्वेने वर चढताना आपण बोगदे मोजतो. ते कोणी खोदले हे विचारत नाही.

त्यांच्या आयुष्यातल्या दोन मोठ्या उड्या प्रवासातल्या गप्पांतून निघाल्या, हे विशेष. पहिली १९१९ ची. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाकडून त्यांना कळले की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी ही बोट विकायची आहे. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाची बोट म्हणून वापरली गेली होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ती विकत घेतली आणि कंपनीला नावही सिंधियाच दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हा दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. पुढची कथा मात्र समारंभाची नाही. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर इतके पाडले की नवी कंपनी बुडावी. अखेर १९२३ मध्ये सिंधियाला त्यांच्याशी तडजोड करावी लागली आणि तिच्या वाढीवर बंधने आली. त्या कराराबद्दल वालचंदांच्या गटावर टीकाही झाली. पण कंपनी तगली.

गाडी बनवायची आहे

१९३० नंतर हिंदुस्थानात मोटारी भराभर वाढल्या. पण त्या सगळ्या परदेशी. जनरल मोटर्स आणि फोर्ड मुंबई-मद्रासकडे सुटे भाग आणून जोडणी करीत, एवढेच. साताऱ्या-सांगलीच्या रस्त्यांवर ज्याला लोक सर्व्हिस मोटार म्हणत, ती शेवरोलेट किंवा फोर्डच्या सांगाड्यावर गावच्या सुताराने ठोकलेली लाकडी पेटी असे. इंजिन पेट्रोलचे, मालक खाजगी, वेळापत्रक प्रवासी भरतील तसे.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास परदेशांत हिंडून मोटारीच्या स्वदेशी कारखान्याची योजना आखली. वालचंद त्या योजनेच्या मागे उभे राहिले. १९३७ मध्ये आलेल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने भांडवलावरील व्याजाला हमी देण्याची तयारी दाखवली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हमी हवेत विरली. दिल्लीच्या गोऱ्या सरकारला हिंदुस्थानात मोटारी होणे नकोच होते. म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा बेतही त्या नापसंतीपुढे टिकला नाही.

मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत नोकरी केली. कर्जाची प्रपोजल्स वाचणे हेच काम. म्हणून या ठिकाणी मी नेहमी थबकतो. वालचंदांचे प्रपोजल माझ्या टेबलावर आले असते तर? प्रवर्तकाला मोटारीचा अनुभव शून्य. तंत्रज्ञान परदेशी, करार अजून कच्चा. सरकार विरोधात. बाजारपेठ लहान. सुटे भाग बनवणारे देशात कोणी नाही. मी काय शेरा मारला असता ते मला पक्के ठाऊक आहे.

अशा शेऱ्यांना न जुमानता ते १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डकडे जमले नाही, क्रायस्लरशी बोलणे पुढे गेले. आणि परतीच्या वाटेवर, प्रशांत महासागरावरून उडणाऱ्या विमानात, दुसरी गप्प झाली. विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ चीनसाठी विमाने बांधण्याच्या धंद्यात होता. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाच्या कारखान्याची कल्पना घेऊन घरी आला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट निघाली. विमान सरकारला युद्धासाठी हवे होते, म्हणून परवानगी मिळाली. मोटार नको होती, म्हणून ती अडली. १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा घेऊन विमानाचा कारखाना आपल्या ताब्यात घेतला. त्याआधी, जून १९४१ मध्ये, विशाखापट्टणला सिंधियाच्या जहाजबांधणी कारखान्याचा पाया डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते घातला गेला होता. तिथले पहिले जहाज, जलउषा, १९४८ मध्ये पाण्यात उतरले.

हे सगळे देशभक्तीच्या एका सुरात सांगण्याचा मोह होतो. पण वालचंद धंदेवाले होते. त्यांच्या कंपन्यांनी इंग्रज सरकारचे ठेके घेतले, त्यात नफाही केला. कळंबच्या माळावर ऊस लावून वालचंदनगर वसवले तेही साखरेच्या हिशेबानेच. देशाचे हित आणि कंपनीचे हित एका रस्त्याने जात असेल तिथे ते सर्वांत वेगाने धावले, असे म्हणणे अधिक खरे.

सातारा रोड

पुणे-मिरज लोहमार्गावर कोरेगाव तालुक्यात सातारा रोड हे स्टेशन आहे. त्याच मार्गावर पुढे कऱ्हाड, मग किर्लोस्करवाडी, मग सांगली. लोखंडाचा नांगर आणि इंजिन यांचा महाराष्ट्रातला इतिहास या एका फाट्यावर बराचसा वाचता येतो. सातारा रोडचा कारखाना साताऱ्याच्या धनजीशहा कूपर यांनी १९२० नंतर काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी आधी किर्लोस्करांचे नांगर विकले होते. कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. हेच कूपर १९३७ मध्ये एप्रिल ते जुलै असे साडेतीन महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. नांगरांपाठोपाठ त्यांनी डिझेल इंजिने केली. या देशात तयार झालेल्या अगदी आरंभीच्या डिझेल इंजिनांत कूपरचे नाव घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा कारखाना वालचंदांच्या उद्योगसमूहात आला.

तेव्हा मनात प्रश्न येतो, की ज्यांच्या हाती डिझेल इंजिनाचा कारखाना होता, त्यांनी त्याच इंजिनावर बस का नाही चालवली? वाड्यातल्या काकांना मी हे विचारले होते. त्यांनी चुलीपुढच्या पाटावर भाकरीच्या पिठाने रेघा ओढून समजावले.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. फार दाबले तर ते अवेळी पेटते, म्हणून दाबाला मर्यादा. डिझेलमध्ये नुसती हवा आत घेतात आणि ती पंधरा-सोळा पट दाबतात. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले तेल ठिणगीवाचून पेटते. दाब जास्त म्हणून तेवढ्याच तेलात काम जास्त, आणि कमी वेगातही ओढ भक्कम. घाटात ती ओढच कामाला येते. पण त्या दाबाला पुरे पडायचे तर ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळे दणकट हवे, म्हणजे जड हवे. विहिरीवरच्या इंजिनाला जड असण्याची चिंता नसते. भल्या थोरल्या फ्लायव्हीलसह ते एका जागी बसते आणि मिनिटाला काही शे फेरे घेत पाणी उपसते. बसच्या इंजिनाने दोन हजारांवर फेरे घ्यावेत, क्षणात वेग बदलावा, खड्ड्यांत हादरे खावेत आणि तरी हलके असावे. त्यासाठी वेगळे पोलाद, वेगळे घडाईकाम आणि मुख्य म्हणजे तेल फवारणारा पंप आणि नोझल हवे. त्यातली फट केसाहून बारीक. हे पंप बनवणारी मायको कंपनी बंगलोरला निघाली तीच मुळी १९५१ मध्ये. सातारा रोडची भट्टी उत्तम ओतकाम करी, पण एका भट्टीने बस होत नाही. तिच्याभोवती शंभर कारखाने लागतात, आणि ते नव्हते.

मोटारीच्या कारखान्याला अखेर वाट मिळाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्येच निघाली होती. कुर्ल्यात आरंभी तरी क्रायस्लरकडून येणाऱ्या पेट्यांतले भाग जोडण्याचेच काम मोठे होते. पुढे याच गाड्यांना मद्रासेत बनणारे पर्किन्स पी-६ हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन बसू लागले आणि फार्गो, डॉज, डिसोटो मालवाहतुकीत स्थिरावल्या. मोटारकारसाठी इटलीच्या फियाटशी करार झाला. त्याच्यातूनच पुढे पद्मिनी आली, जिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली.

दहा जातींच्या गाड्या

इकडे आपल्या रस्त्यांवर याच काळात मोठा पालट झाला होता. युद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे लोखंडी भट्टी, तिच्यात कोळसा, आणि निघण्याआधी क्लीनरने पंख्याचे हँडल घुमवायचे. चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायचे. माझे वडील या गाड्यांची आठवण निघाली की आजही शर्टाची बाही झटकावी तसा हात झटकत. मग १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या. पुढच्या वर्षी साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, तोच १९६० पासून सांगली. जिल्हा वेगळा झाला तरी रस्ता तोच राहिला.

त्या सुरुवातीच्या एसटीत शेवरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. आमच्यासारख्या पोरांना तो स्वर्गच वाटला असता. आगारातल्या फिटरला मात्र तो नरक. दहा जातींचे पिस्टन, दहा जातींची गास्केटे, आणि एक भाग विलायतेहून येईपर्यंत गाडी विटांवर उभी. काकांनी सांगितले होते की बसची पारख वेगावर नाही, तिचा भाग किती लवकर मिळतो यावर होते. मला वाटते, वालचंदांच्या साऱ्या धडपडीचे मर्म याच एका वाक्यात आहे. गाडी आपली असणे म्हणजे पाटी आपली असणे नव्हे. मोडलेला भाग आपल्याच तालुक्यात ओतता येणे.

ते त्यांना पाहायला मिळाले नाही. १९४९ मध्ये अर्धांगाचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी उद्योगांचा कारभार सोडला. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे ते वारले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने मत दिले की ज्यांची गाडी देशात घडवण्याची योजना आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. १९५४ मध्ये टाटा आणि जर्मन बेंझ एकत्र आले, १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. दहा जाती कमी होत होत दोनवर आल्या. ज्या दोन आवाजांवर आम्ही शेंगदाण्याच्या पुड्या लावल्या, ते दोन्ही आवाज वालचंदांच्या मृत्यूनंतर घुमले, आणि त्यांत त्यांच्या कारखान्याचा आवाज नव्हता.

सांगलीचे कॉलेज १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी काढले होते, न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने. पैशांची ओढाताण होती. १९५५ मध्ये वालचंदांच्या नावच्या देणगीने ते सावरले आणि नाव बदलले. तिथे शिकलेली मुले पुढे टाटात गेली, लेलँडमध्ये गेली, पंपाच्या आणि पिस्टनच्या कारखान्यांत गेली. जे शंभर कारखाने १९४० साली नव्हते, त्यांना माणसे पुरवणाऱ्या जागांपैकी ही एक झाली.

एक परत पाठवलेला अर्ज

आता एक गोष्ट सांगून टाकतो. १९८८ च्या सुमारास मी एका शाखेत कर्जे पाहत होतो. एक मेकॅनिक आला. एसटीत आणि नंतर खाजगी गॅरेजात हयात गेलेली. त्याला क्रँकशाफ्ट घासण्याचे यंत्र घ्यायचे होते. डिझेल गाड्यांचे क्रँक घासून घ्यायला लोकांना लांब जावे लागे, आणि गाडी आठ-आठ दिवस उभी राही. त्याचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर होता, पण चोख होता. मार्जिन मनी कमी पडत होते आणि तारण द्यायला गाडग्या-मडक्यांखेरीज काही नव्हते. मी अर्ज परत केला. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो, आजही त्या कागदावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. पुढे कळले की त्याने सावकाराकडून पैसा उचलला, यंत्र आणले, ते उत्तम चालले, आणि दोन वर्षांत व्याजापायी विकले गेले.

वालचंदांचे चरित्र वाचताना तो माणूस माझ्यासमोर येऊन बसतो. सावकारीच्या घरातून निघून वस्तू घडवायला गेलेला एक शेठ, आणि वस्तू घडवता घडवता सावकाराच्या दारात गेलेला एक फिटर. शेठच्या मागे घराणे होते, फाटकांसारखा भागीदार होता, अपयश पचवण्याइतकी ऐपत होती. फिटरच्या मागे माझी सही तेवढी हवी होती. मोठ्या उद्योगपतींची चरित्रे आपण मुलांना वाचायला देतो ते ठीकच आहे. पण गाडीचा भाग तालुक्यात मिळावा यासाठी वालचंदांइतकाच तोही झटत होता, हे लिहून ठेवणारा कोणी नाही, म्हणून इथे लिहिले.

१ जून २०२२ पासून पुणे-नगर मार्गावरच विजेवर चालणारी शिवाई सुरू झाली. परवा तशा एका गाडीत बसलो. आत बसल्यावर सवयीने डोळे मिटले. इंजिनाचा आवाज नव्हता, नुसती चाकांची सरसर. शेजारच्या सीटवर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा खिडकीतून मागे पडणाऱ्या गाड्या पाहत होता आणि आपल्या आजोबांना एकेकीचे नाव सांगत होता. एका गाडीच्या बाबतीत तो चुकला. मी त्याला दुरुस्त केले. त्याने माझ्याकडे वळून विचारले की ही आपली बस चालवणारी बॅटरी कुठे बनते. मला सांगता आले नाही.